हमात, सिह्र, निसीब: अरबीतील सासरची नाती आणि त्यांची मुळे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अरबीत सासू, सासरे, जावई, मेहुणा यांना नेमके कोणते शब्द आहेत, शब्दकोशात 'हमात' म्हणजे सासू असे दिलेले असताना कुवेतहून आलेल्या निरोपात तोच शब्द नणंदेसाठी कसा दिसतो, आणि या शब्दांची मुळे कोठे आहेत? अरबी शिकवणे आणि कौटुंबिक कागदपत्रांची भाषांतरे करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या शब्दांशी माझी गाठ नेहमीच पडते. 'सासू म्हणजे अमुक, जावई म्हणजे तमुक' असा तक्ता करून दिला तर तो कैरोत चालेल आणि बसऱ्यात फसेल. शब्द कोणाच्या तोंडचा आहे, बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, आणि ती कोणत्या देशातली आहे, हे कळल्याशिवाय अरबीतील सासरच्या नात्याचा अर्थ लावता येत नाही. याचे कारण या शब्दांच्या इतिहासातच आहे.

जुन्या अरबीत या नात्यांची मांडणी 'कोणाची बाजू' या एका प्रश्नावर उभी होती. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात निधन पावलेल्या बसऱ्याच्या अल-अस्मई या भाषापंडिताच्या नावावर कोशकारांनी एक नेमका भेद नोंदवून ठेवला आहे: नवऱ्याकडचे ते 'अहमा', बायकोकडचे ते 'अख्तान', आणि 'सिह्र' या शब्दात दोन्ही बाजू येतात. 'अहमा' हे 'हम' या शब्दाचे अनेकवचन आहे आणि 'अख्तान' हे 'खतन'चे. म्हणजे अरबी स्त्रीचे सासरे, दीर, चुलतदीर हे सगळे तिचे 'हम', तर पुरुषाचे सासरे, मेहुणे हे त्याचे 'खतन'. मराठीत दीर आणि मेहुणा यांची कधी गल्लत होत नाही, पण 'सासरे' हा शब्द मात्र आपण दोघांच्याही वडिलांना लावतो. जुन्या अरबीने ही विभागणी सासऱ्यांपर्यंत नेली होती.

यांतला 'हम' हा शब्द सर्वांत जुना आणि व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक आहे. अरबी शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी 'पाच नामे' नावाचा एक गट पाठ करावा लागतो. बाप, भाऊ, सासरा, तोंड आणि 'अमुक असलेला' या अर्थाचा 'धू', अशी ही पाच नामे होत (काही वैयाकरण त्यांत सहावेही धरतात). इतर नामांची विभक्ती शेवटच्या ऱ्हस्व स्वरावर कळते, या पाचांची मात्र दीर्घ स्वरावर. 'तुझा सासरा आला' यात 'हमूकि', 'तुझ्या सासऱ्याला पाहिले' यात 'हमाकि' आणि 'तुझ्या सासऱ्याला सलाम केला' यात 'हमीकि' असे रूप होते. या तिन्ही रूपांच्या शेवटी आलेला 'कि' हा स्त्रीलिंगी 'तुझा' आहे, हे मुद्दाम पाहावे. इजिप्तचा इब्न हिशाम (मृत्यू 1360) याने आपल्या प्रसिद्ध व्याकरणग्रंथात हे नाम 'हमूहा', म्हणजे 'तिचा सासरा', असे स्त्रीलिंगी सर्वनाम जोडूनच दिले आणि त्याचे कारणही लिहिले: 'हम' म्हणजे स्त्रीच्या नवऱ्याचे नातलग, त्याचा बाप, काका, चुलतभाऊ, हे वाचकाच्या ध्यानात यावे म्हणून. क्वचित तो शब्द बायकोच्या नातलगांनाही लावतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात कुटुंबव्यवस्था इतक्या काटेकोरपणे जपलेली क्वचितच आढळते, आणि आजची कित्येक पुस्तके 'हमूका' असे पुल्लिंगी उदाहरण देऊन ती सहज पुसून टाकतात.

'हम' हा शब्द केवळ अरबीचा नाही. हिब्रूत तो 'हाम' असा आहे आणि तेथेही तो नवऱ्याच्या बापासाठीच येतो. बायकोच्या बापाला हिब्रूत 'होतेन' म्हणतात, जसा मोशेचा सासरा इथ्रो. बायबलमधल्या रूथच्या कथेत नामी ही रूथची 'हामोत', म्हणजे सासू, आहे, आणि अरबी 'हमात' ही त्याच शब्दाची सख्खी बहीण. मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत कंठातला 'ह' झिजून गेला आणि 'अ'चा 'ए' झाला, म्हणून तेथे सासरा 'एमू' आणि सासू 'एमेतू' झाली. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात, आजच्या गणनेप्रमाणे 159 व्या कलमात, हा शब्द अगदी संसारी प्रसंगात भेटतो. एखाद्या माणसाने 'एमू'च्या घरी लग्नाच्या भेटवस्तू पोहोचवल्या, मग दुसऱ्याच स्त्रीवर त्याचे मन गेले आणि 'तुमची मुलगी करणार नाही' असे त्याने सासऱ्याला सांगितले, तर आलेले सगळे सामान मुलीच्या बापाने ठेवून घ्यावे, असा तो नियम आहे. येथे 'एमू' मुलीच्या बापाला म्हटले आहे, म्हणजे बाजूंचा हिब्रूत जपलेला भेद अक्कादीत पाळलेला दिसत नाही.

त्याच कायद्यात, 155 व्या कलमात, सुनेसाठी 'कल्लतू' हा शब्द आहे. हिब्रूत तो 'कल्ला' झाला, आणि त्याचे 'वधू' व 'सून' असे दोन्ही अर्थ आहेत, कारण घरात आलेली मुलगी एकाच दिवशी दोन्ही होते. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला हा शब्द परका नाही. लग्नविधीच्या हिब्रूत वर तो 'हतान' आणि वधू ती 'कल्ला'. अरबीत याच जागी 'कन्ना' हा शब्द आहे, अनेकवचन 'कनाइन'. हिब्रू, अक्कादी यांसारख्या अरबीच्या भगिनी असलेल्या इतर सेमिटिक भाषांत 'ल्ल' असताना अरबीत 'न्न' का, याचे अरबी कोशकारांना कोडे पडले नव्हते, कारण झाकणे, आडोशाला ठेवणे या अर्थाच्या 'क-न-न' या धातूशी त्यांनी तो जोडून दिला: घराच्या आडोशाला राहणारी ती 'कन्ना'. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र क्रम उलटा असण्याचा संभव अधिक आहे. शब्द मूळचा 'कल्ल'च असावा आणि या धातूच्या ओढीने त्याचा 'ल' बदलला असावा. सीरिया-लेबनॉनच्या बोलीत सून 'किन्ने' आहे, इराकमध्ये 'क'चा 'च' होऊन 'चन्ना'. इजिप्तमध्ये हा शब्द बोलण्यातून मागे पडला आणि सरळ 'मिरात इब्नी', माझ्या मुलाची बायको, असे म्हटले जाते. लेवांतमधली, म्हणजे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन या पट्ट्यातली, एक म्हण मात्र 'किन्ने'शिवाय उभीच राहत नाही, कारण तेथे यमक 'जन्नत'शी जुळवायचे आहे: जन्नतीच्या दारावर लिहिले आहे, सासूने सुनेवर कधी प्रेम केले नाही.

'खतन'ची कथा अधिक वादाची आहे. हा शब्द ज्या 'ख-त-न' धातूचा आहे, त्याच धातूपासून 'खितान', म्हणजे सुंता, हा शब्द होतो, आणि आपल्याकडे रूढ असलेला 'खतना' तोच. हिब्रूत 'हतान' म्हणजे वर आणि 'होतेन' म्हणजे बायकोचा बाप. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशेची बायको सिप्पोरा मुलाची सुंता करते आणि 'रक्ताचा वर' असे शब्द उच्चारते, तेथे हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात भेटतात. यावरून एकोणिसाव्या शतकातल्या काही जर्मन अभ्यासकांनी, त्यांत वेलहाउझेन प्रमुख, असे अनुमान काढले की सुंता हा मूळचा लग्नाआधीचा विधी असावा आणि सासऱ्याच्या देखरेखीखाली होत असावा. कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यामागे या एका कोड्यात टाकणाऱ्या उताऱ्यापलीकडे फारसा भक्कम पुरावा नाही, म्हणून विद्यार्थ्यांना मी ती अनुमान म्हणूनच सांगतो. अरबीपुरते बोलायचे तर 'खतन'चा अर्थ सामान्य वापरात 'मुलीचा नवरा' एवढाच उरला. इस्लामी परंपरेत 'अल-खतनान', म्हणजे दोन जावई, असे म्हटले की प्रेषितांचे जावई उस्मान आणि अली यांचाच बोध होतो. आजच्या बोलण्यात हा शब्द जवळजवळ नाही. जुना ग्रंथ वाचतानाच तो भेटतो.

दोन्ही बाजूंना पुरणारा 'सिह्र' हा शब्द मात्र टिकला. त्याला कुराणाचा आधार आहे. 25 व्या सूरेच्या 54 व्या आयतीत, ईश्वराने पाण्यापासून माणूस घडवला आणि त्याला 'नसब' व 'सिह्र' दिले, असे म्हटले आहे: रक्ताचे नाते आणि लग्नाचे नाते, अशी ही सरळ जोडी आहे. 'स-ह-र' या धातूचा दुसरा अर्थ वितळवणे असा आहे, आणि म्हणून दोन घराणी वितळून एक होतात ते 'सिह्र', अशी सुंदर व्युत्पत्ती लग्नाच्या भाषणांत हमखास ऐकू येते. दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस याने मात्र या अक्षरांची दोन वेगवेगळी मुळे मानली होती, एक जवळिकीचे आणि एक वितळण्याचे. त्याचा हा सावधपणा मला पटतो. 'सिह्र' सासऱ्यालाही लागतो आणि जावयालाही, म्हणूनच ज्यांच्या मुली प्रेषितांना दिल्या होत्या ते अबू बक्र आणि उमर, आणि ज्यांना प्रेषितांच्या मुली दिल्या होत्या ते उस्मान, अली व अबू अल-आस, हे सगळेच त्यांचे 'अस्हार' ठरतात. धर्मशास्त्रात लग्नामुळे कायमचा निषिद्ध ठरणारा संबंध 'हुर्मत अल-मुसाहरा' या नावाने ओळखला जातो, तोही याच धातूचा. ज्या आयतीत हे निषेध सांगितले आहेत, त्या चौथ्या सूरेच्या 23 व्या आयतीत सासूसाठी 'हमात' नाही आणि सुनेसाठी 'कन्ना' नाही. 'तुमच्या बायकांच्या आया' आणि 'तुमच्या मुलांच्या बायका' असे उलगडून सांगितले आहे. कायद्याच्या भाषेला संदिग्ध शब्द नको असतो, हे त्यामागचे उघड कारण वाटते.

आता प्रश्नाच्या मूळ गाठीकडे यावे. काळाच्या ओघात बोलीभाषांनी बाजूंचा जुना भेद कोठे टिकवला, कोठे सोडला, आणि कोठे चक्क उलटा केला. इजिप्त आणि लेवांतमध्ये 'हमा' आणि 'हमात' हे शब्द नवरा-बायको दोघेही आपापल्या सासू-सासऱ्यांसाठी वापरतात. खाडीच्या देशांत आणि इराकमध्ये मात्र बाई 'हमाय', म्हणजे 'माझा हम', म्हणाली तर तो बहुधा तिचा दीर असतो आणि 'हमाती' म्हणाली तर नणंद. कुवेतच्या निरोपातली 'हमात' म्हणजे नणंद, ती यामुळे, आणि तिला सासू समजून भाषांतर केले तर घरात विनाकारण वादळ उठायचे. हा खाडीतला वापर नवा बिघाड आहे असेही समजू नये. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसिद्ध वचन आहे: परक्या स्त्रियांकडे एकांतात जाऊ नका असे प्रेषितांनी सांगितले, तेव्हा एका अन्सारी, म्हणजे मदीनेतल्या, अनुयायाने 'आणि हम्व?' असे विचारले ('हम्व' हे 'हम'चेच एक रूप). उत्तर आले, 'हम्व म्हणजे मृत्यू.' तेथे सासरा अभिप्रेत नाही, कारण तो तर स्त्रीला कायमचा निषिद्धच असतो. नवऱ्याचा भाऊ आणि त्याच्यासारखे इतर नातलग अभिप्रेत आहेत, असे दुसऱ्या हिजरी शतकातल्या अल-लैथ या विद्वानाने स्पष्ट केले आहे. म्हणजे कुवेतची बाई दिराला 'हमाय' म्हणते तेव्हा ती जुन्या अर्थाच्या अधिक जवळ असते.

इजिप्तच्या 'हमात'चा एक रोजचा वापर सांगण्यासारखा आहे. कोणी नेमका ताट वाढायच्या वेळी दारात उभा राहिला की यजमान हसून म्हणतात, 'हमातक बितहिब्बक', तुझ्या सासूचे तुझ्यावर प्रेम आहे. पाहुण्याचे लग्न झालेले असो वा नसो, वाक्य तेच राहते. ऐकणाऱ्याने सासूची चौकशी करायची नसते, बसून जेवायचे असते.

उलटा बदल झाला तो 'नसब'मध्ये. कुराणाने 'सिह्र'च्या समोर ठेवलेला हा शब्द म्हणजे शुद्ध रक्ताचे नाते, वंश. त्यापासून बनलेला 'नसीब' (इजिप्तमध्ये 'निसीब', मोरोक्कोत 'न्सीब') आज जवळजवळ सर्व अरब देशांत मेहुणा, जावई, क्वचित सासरा, म्हणजे रक्ताचा नसलेला नातलग अशा अर्थाने चालतो, आणि लग्नाने जोडलेली दोन कुटुंबे एकमेकांची 'नसायिब' होतात. मध्य अरबस्तानातल्या नज्दमध्येही अशीच चाल दिसते: 'रहम' म्हणजे गर्भाशय, 'अर्हाम' म्हणजे मूळचे रक्ताचे नातलग, पण तेथे 'रहीम' हा मेहुणा किंवा जावई असतो. परक्या घरच्या माणसाला आपला म्हणायचे तर रक्ताचाच शब्द द्यावा, असा हा व्यवहार असावा. मराठी वाचकाने येथे एका सापळ्यापासून सावध राहावे. आपले 'नशीब' हे अरबी 'साद' या जड अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या 'नसीब'पासून, म्हणजे वाटा या अर्थाच्या शब्दापासून आले. नात्यातला 'नसीब' साध्या 'सीन'चा आहे आणि त्याची मराठीतली नातलग म्हणजे जुन्या कागदपत्रांतली 'निसबत'. गोंधळ वाढवायला लग्न जुळले किंवा मोडले की अरब 'किस्मा व नसीब' म्हणतात, आणि तो मात्र आपलाच किस्मत-नशीबवाला 'नसीब' आहे.

हाक मारण्याचे शब्द पुन्हा वेगळे, आणि मराठी माणसाला ते सर्वांत लवकर कळतात. अरब समाजात चुलतभावाबहिणींचे लग्न परंपरेने पसंतीचे मानले गेले. इराकच्या टोळ्यांत तर चुलतबहिणीचे दुसरीकडे ठरलेले लग्न अडवण्याच्या चुलतभावाच्या हक्काला 'नहवा' असे नाव आहे. अशा लग्नात सासरा हा मुळात काका, 'अम्म', असतो. म्हणून आज नाते असो वा नसो, सासऱ्याला 'अम्मी', माझे काका, अशी हाक मारतात, सीरिया-पॅलेस्टाइनमध्ये सासूला 'मरत अम्मी', काकू, म्हणतात आणि इराकची सून सासूला 'अम्मती', आत्या, म्हणते. मराठी सून सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत आली, ती याच न्यायाने. फरक एवढाच की आपल्याकडे पसंती आते-मामे भावंडांची होती आणि चुलतभावंडांत लग्न निषिद्ध होते. प्रत्यक्ष विवाहाची रीत विरळ झाली तरी हाकेत ती दोन्हीकडे शिल्लक आहे.

साडू आणि जाऊ या दोन नात्यांना मात्र अरबीत स्वतंत्र, नेमके शब्द आहेत. साडू म्हणजे 'अदील'. उंटाच्या दोन बाजूंना सारख्या वजनाचे ओझे बांधावे लागते. त्यातल्या एका बाजूला 'इद्ल' म्हणतात, आणि उंटावरच्या डोलीत दुसऱ्या बाजूला बसून तोल सांभाळणारा सहप्रवासी तो 'अदील'. एकाच घरच्या दोन मुली केलेले दोन पुरुष त्या सासऱ्याच्या घरी समतोल राखणारेच मानले गेले, आणि 'अदल', 'अदालत' हे शब्दही त्याच धातूचे आहेत. जुन्या अरबीत साडूला 'सिल्फ'ही म्हणत आणि दोन भावांच्या बायका परस्परांच्या 'सिल्फा' होत. लेवांतमध्ये 'सिल्फ' पुढे सरकून दीर झाला. जाऊ मात्र इजिप्तपासून सीरियापर्यंत 'सिल्फा'च राहिली. तिच्याबद्दल इजिप्तची म्हण अशी की सवतींची होडी चालली आणि जावांची बुडाली. सवतीसाठीचा 'दर्रा' हा शब्द इजा या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे जावांना दिलेला हा मान किती मोठा आहे ते कळते.

मघ्रेबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागात, चित्र आणखी बदलते. मोरोक्को, अल्जीरियात दीर 'लूस' आणि नणंद 'लूसा' आहे, आणि हे शब्द अरबी नाहीतच; ते तेथल्या अमाझिग, म्हणजे बर्बर, भाषांतून आले. अल्जीरियात सासरा 'शेख' आणि सासू 'अजूजा', शब्दशः म्हातारा आणि म्हातारी. तेथे यात काही अनादर नाही, पण हेच शब्द कैरोतल्या सासूबाईंसमोर वापरून पाहू नयेत.

कागदपत्रांचे भाषांतर करणाऱ्यांसाठी व्यावहारिक भाग एवढाच. आधुनिक प्रमाण अरबीतले दाखले, निकाल, परवाने यांत सहसा 'वालिद अज-जौज' (नवऱ्याचे वडील), 'उम्म अज-जौजा' (बायकोची आई), 'शकीक अज-जौज' (नवऱ्याचा सख्खा भाऊ) अशी उलगडलेली रूपे असतात, आणि मराठीतही तशीच नेमकी रूपे द्यावीत. 'मेहुणा' किंवा 'सासरे' एवढ्यावर भागवू नये. जबाब, पत्रे, ध्वनिमुद्रित निरोप यांत 'निसीब', 'सिह्र' किंवा 'हमाय' आला तर बोलणाऱ्याचा देश आणि लिंग आधी विचारून घ्यावे, आणि तरीही नाते नक्की होत नसेल तर 'लग्नसंबंधाने नातेवाईक' असे लिहावे. 'निसीब'चे भाषांतर नुसते 'नातेवाईक' असे कधीही करू नये. शरियतप्रमाणे 'नसब' हे वारसा मिळण्याचे एक कारण आहे, नवरा-बायको विवाहामुळे परस्परांचे वारस होतात, पण सासू, सासरा, मेहुणा, जावई यांना त्या नात्याने वारसा मिळत नाही. वाटणीच्या वादातल्या जबाबात 'निसीब' रक्ताचा नातेवाईक म्हणून उतरला, तर हक्क नसलेला माणूस कागदावर वारसांच्या रांगेत जाऊन बसतो.